कुमुद, तुझ्या पिशव्यांवर गावांची नावं नाहीत

दहाव्याला तुझा कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून तुझा भाऊ अविनाश दोन पावलं मागे सरतो न सरतो तोच एक कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. तुझी वहिनी म्हणाली, "बघा, वन्संची काही इच्छा मागे राहिली नव्हती." घाटाच्या पायऱ्यांवर जमलेले सगळे सुटल्यासारखे झाले आणि चपला शोधायला लागले. मला मात्र तिथंच उभ्या उभ्या तुझा संताप आला. काहीच मागे राहिलं नव्हतं? माझ्याशी दोन वाक्यं बोलायची राहिली होती, त्यांचं काय?

शाळेतल्या शोकसभेत मी बोलले नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा माझ्याकडं पाहिलं, मी दोन्ही वेळा पंख्याकडं पाहिलं. "निर्मलाबाईंना भावना अनावर झाल्यात," असं कुणीतरी सांभाळून घेतलं. झाल्या होत्या, खोटं नाही. फक्त त्या शोकसभेत सांगण्यासारख्या नव्हत्या. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तू जिवंत होतीस तेव्हा बोलू दिलं नाहीस, आता मेलीस म्हणून बोलायचं नाही, मग मी बोलायचं कधी? म्हणून लिहितेय. सव्वीस वर्षं पोरांना मराठी शिकवल्यावर एवढं मला लिहिता येतं.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी अविनाश रिक्षातून एक पत्र्याची ट्रंक घेऊन माझ्या दारात आला. "ताई म्हणाली होती, ही निर्मलाला दे. बाकी काही बोलली नाही." बाकी काही बोलली नाही! हे वाक्य तुझ्या फोटोखाली लिहून लावायला हवं. ट्रंक उघडली. आत कडुलिंबाचा वाळका पाला आणि त्रेसष्ट पिशव्या. जुन्या गणवेशांच्या खाकी कापडाच्या, तूच हातानं शिवलेल्या. प्रत्येकीवर शाईनं काय लिहिलंय, तर बाभूळ १४. हिवर ३. खैर ९. बस. गाव नाही, बांध नाही, मालकाचं नाव नाही. पिशव्या उलट्या करून पाहिल्या, ट्रंकेच्या तळाचा कागदसुद्धा उचलून पाहिला.

आणि नियम कुणाचा होता? तुझाच. ज्या बियाचं झाड ठाऊक नाही ते बी कुणाला द्यायचं नाही. "कुठल्या मातीतलं, कुणाच्या बांधावरचं, हे सांगता आलं नाही तर ते बी नव्हे निर्मला, नुसते दाणे." सिन्नरच्या कोरड्या माळावरचा हिवर पेठच्या पावसात नेऊन कशाला मारायचा, असं तू विचारायचीस आणि समोरचा खजील व्हायचा. जिथलं बी तिथंच परत जायला हवं, हा तुझा हट्ट. आता त्या त्रेसष्टातली कितीतरी झाडं उरलेली नाहीत. रस्ते रुंद झाले, मळ्यांचे प्लॉट पडले, विहिरी बुजल्या. त्या झाडांचं जे काही उरलंय ते माझ्या दिवाणाखाली ट्रंकेत आहे, आणि ते कुठं परत द्यायचं ते एकट्या तुला ठाऊक होतं, असंच मला त्या दिवशी वाटलं. मृग जवळ येत होता. बियाणं न्यायला नेहमीची माणसं फोन करायला लागली होती. त्यांना काय सांगणार होते? की बाईंनी ठेवलंय पुष्कळ, पण देण्याजोगं एक मूठ नाही?

शोकसभेत आपल्या मैत्रीचं फार कौतुक झालं. एकीनं तर डोळे पुसत सांगितलं की निसर्गप्रेमानं या दोघी जवळ आल्या. कसलं निसर्गप्रेम! तीन वर्षं आपण एका स्टाफरूममध्ये बसत होतो आणि तू मला कधी सकाळचा साधा नमस्कार घातला नव्हतास. मग एका एप्रिलात माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, "तुमच्याकडं लुना आहे ना?" तुला मी नको होते, लुना हवी होती. तुला चालवता येत नव्हती म्हणून माझ्यासकट घेतलीस. बाभळीला आणि हिवराला मी तेव्हा एकच समजायचे. काटा दिसला की बाभूळ, असं माझं वनस्पतिशास्त्र. पहिल्या दिवशी तू मला हिवराची फिकट साल हातानं चाचपायला लावलीस आणि वर म्हणालीस, "आता विसरलात तर छडी मारीन."

मी विसरले नाही. हेही लिहिते, कारण राग आला म्हणून खोटं कशाला बोलू. देवळाली कॅम्पातून उजाडता निघायचं, भगूरच्या पुढं सिन्नरच्या बाजूला कुठंतरी बांधावर लुना लावायची. तू आधी वस्तीवर जाऊन झाडाच्या मालकाला विचारायचीस. झाड रस्त्याच्या कडेला असलं तरी जवळच्या घरात विचारायचं. मालक हसायचे. बाभळीच्या शेंगा न्यायला परवानगी मागणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. मग झाडाखाली जुनं लुगडं पसरायचं आणि फांदी हातानं हलवायची. काठी मारायची नाही, आकडी लावायची नाही. पडेल ते आपलं. त्यातलंही पाव घ्यायचं आणि उरलेलं शेळ्यांना नि पाखरांना सोडायचं. एकाच झाडावर थांबायचं नाही, आठ-दहा झाडं फिरायची. मी एकदा चिडून म्हणाले होते, "एवढ्या वेळात पोतं भरलं असतं." तू म्हणालीस, "पोतं भरायला बायका लागत नाहीत, चोर लागतात."

आणि भागाबाई. तिच्याकडं चाळीसेक शेळ्या. दिवसभर बाभळीच्या शेंगा खाऊन शेळ्या वाड्यात बसायच्या, रवंथ करताना बी थुंकायच्या. सकाळी त्या वाड्यात लेंड्यांमधून बी वेचायचं. शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं, हे तू मला तिथं उकिडवी बसवून शिकवलंस. एक विज्ञानाची बाई, एक मराठीची बाई, दोघी पदर खोचून लेंड्या निवडतायत. भागाबाई दारात कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मास्तरीणबाई, ह्येचा पगार सरकार देतं का वं?"

"तुम्ही चहा द्या, तेवढा पगार बास," तू म्हणायचीस. वेचलेल्यातलं निम्मं तिलाच द्यायचीस, तिच्या नाल्याच्या काठाला टाकायला.

जूनमधल्या दोन रविवारी तुझ्या ओट्यावर बियाणं वाटायचं. शेतकरी यायचे, मिलिटरीतल्या जवानांच्या बायका यायच्या, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले एक फोरमन तर दरवर्षी सायकलवर यायचे. ओंजळभर बी आणि सोबत चिठ्ठी. गावाचं नाव, मालकाचं नाव, विहिरीच्या कुठल्या बाजूचं झाड ते. विकत द्यायचं नाही. घेणाऱ्यानं कबूल करायचं की झाडाला शेंगा धरल्या की आणखी दोघांना असंच विचारून नि सांगून द्यायचं. त्या दिवसांत पिशव्यांवर नावं होती, कुमुद. आणि एक जाड वही होती, तिच्यात सगळी झाडं होती.

आता त्या वहीचं. इतकी वर्षं आपल्या दोघींच्या घशात अडकलेलं ते आज लिहून टाकते.

पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली, त्याच्या पुढचा उन्हाळा. तू पुतणीच्या लग्नाला पुण्याला गेली होतीस आणि वही माझ्याकडं होती. तो नर्सरीवाला माझ्या घरी आला. गोड बोलला. मोठं वृक्षारोपण घेतलंय म्हणाला, देशी बाभळीच लावायच्यात, बी कुठं मिळेल ते कळलं तर उपकार होतील. आणि म्हणाला, "तुम्ही दोघींनी केवढं काम उभं केलंय." दोघींनी! सहा वर्षांत सगळे 'कुमुदबाईंचं बियाणं' म्हणायचे. लुनाचं पेट्रोल, उन्हानं फुटलेलं माझं डोकं, हे कुणाच्या हिशेबात नव्हतं. दोघी म्हणणारा तो पहिला माणूस. मी हरखले आणि वही दिली, एका दुपारपुरती. त्यानं तिची झेरॉक्स काढली.

पंधरा दिवसांनी रंगनाथबाबा शाळेच्या फाटकाशी आले. त्यांच्या बांधावर पाच रामकाठी बाभळी होत्या. सरळसोट उंच वाढणाऱ्या, पिकावर सावली न धरणाऱ्या. त्यांच्या आज्यानं राखलेल्या. शेंगा वर असतात, हलवून फारशा पडत नाहीत, म्हणून आपण तिथून वर्षाला जेमतेम दोन मुठी आणायचो. नर्सरीवाल्याच्या मजुरांनी पाचही झाडांच्या फांद्या बुंध्यापर्यंत छाटून, शेंगा ओरबाडून, ट्रॅक्टरमध्ये भरून नेल्या होत्या. वर घरच्या माणसांना सांगितलं होतं की कुमुदबाईंनी पाठवलंय.

रंगनाथबाबा ओरडले नाहीत. टोपी हातात घेऊन तुला म्हणाले, "बाई, तुमी इचारून न्यायच्या म्हनून म्या देत व्हतो. तुमच्या नावानं आले म्हनून सूनबाईनं त्यास्नी पानी बी दिलं." तू काहीच बोलली नाहीस. मी तुझ्या मागं उभी होते, मीही बोलले नाही. ते गेले. तू स्टाफरूममध्ये आलीस आणि मला म्हणालीस, "खडूचा डबा तुझ्याकडं आहे का?"

कुमुद, माझ्या थोबाडीत मारली असतीस तर चाललं असतं. सगळ्यांसमोर झापलं असतंस तरी चाललं असतं. तू खडू मागितलास. त्या संध्याकाळी वही माझ्याकडून घेतलीस, ती मला पुन्हा दिसली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पिशव्यांवर आकडे आले. मी विचारलं, "हे काय?" तू म्हणालीस, "सोपं पडतं."

"आणि यादी कुठंय?"

"माझ्या लक्षात आहे."

"सगळं डोक्यात ठेवशील आणि उद्या तूच नसलीस तर?"

"मी कुठं जातेय!"

तेवढंच आपलं भांडण. नंतर आठ उन्हाळे आपण लुनावर, मग स्कूटीवर, हिंडलो. पण काही वस्त्यांवर तू मला दूर झाडाखाली थांबवायला लागलीस आणि एकटी जायला लागलीस. काही ठिकाणी तर तू एस.टी.नं परस्पर जाऊन आलेलं मला सोमवारी कळायचं. मी मूग गिळून बसले. खाई त्याला खवखवे. तू आरोप करशील, मग मी माफी मागेन, असं ठरवून ठेवलं होतं. तू आरोपच केला नाहीस. माझी माफी तशीच पडून राहिली आणि तिचा राग झाला. चूक माझी आणि राग तुझ्यावर, हे मला कळत नव्हतं असं नाही.

दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने सांगितले. म्हणजे तुला वेळ होता. मी रोज शाळा सुटल्यावर येऊन बसायचे. तीन वेळा विचारलं, "कुमुद, पिशव्यांचं काय? कुठली कुठली ते सांग, मी लिहून घेते." एकदा तू म्हणालीस, पंखा कमी कर. एकदा भिंतीकडं तोंड केलंस. शेवटच्या वेळी माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तू बघशील." काय बघशील? आकडे? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तुझ्या बाबतीत ते मी डोळ्यांनी पाहिलं. अविनाशला खिशात पेन असतं. एका दुपारीत झालं असतं.

ट्रंक आली त्याच्या आठवड्यानं मी भागाबाईकडं गेले. बी परत तिच्या वाड्यात ओतावं आणि सुटावं, असा विचार होता. तू गेल्याचं कळल्यावर ती ओट्यावर बसून रडली. मग पिशव्या पाहिल्या आणि म्हणाली, "माजी चौदा नंबरची. हाय का त्यात?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"बाई दर साली बजावून जायच्या ना. भागाबाई, तुमचा नंबर चौदा. माज्या नावानं कुनी बी न्याया आलं तर आदी नंबर इचारायचा. चौदा म्हनला तर माजा मानूस, नायतर पायतान दाखवायचं." तिनं पदरानं नाक पुसलं. "समद्यास्नी दिलाय नंबर. ज्याचा त्याला ठावं."

तेव्हा कुठं मला कळलं. यादी तू झाडांच्या मालकांत वाटून ठेवली होतीस, एकेकाकडं एकेक आकडा. पुन्हा कुणी एका वहीवरून सगळी झाडं ओरबाडू नयेत म्हणून. बी द्यायचं तर आधी त्या त्या दारात जाऊन विचारायला लागावं म्हणून. शहाणी खरी! आणि हे मला एका वाक्यात सांगता येत नव्हतं? अठ्ठावन्नाव्या वर्षी, ऐन वैशाखात, गुडघ्याला पट्टा बांधून मी एकवीस दिवस हिंडले. प्रत्येक वस्तीवर तेच. "कुमुदबाई आल्या होत्या का? तुमचा नंबर कुठला?" माणसं आकडा सांगायची, चहा टाकायची आणि मग तू गेल्याचं मला नव्यानं सांगावं लागायचं. मी तुझ्यासाठी जी काही रडले ती अशी, परक्यांच्या ओसरीवर, चव्वेचाळीस वेळा.

चव्वेचाळीसच. उरलेल्या एकोणीस पिशव्यांचा आकडा सांगणारं कुणी राहिलेलं नाही. म्हातारे वारले, पोरांनी जमिनी विकल्या, कुणी नाशिकरोडला फ्लॅटमध्ये आलंय आणि बाभूळ म्हटलं की कुठली म्हणून विचारतं. कागदावर लिहिलं असतंस तर ती एकोणीस झाडं आपापल्या गावी गेली असती. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून तू माणसांवर ठेवलास, आणि माणसं बाभळीएवढी टिकत नाहीत. ही तुझी चूक आहे. माझी चूक मी वर लिहिलीय, ही तुझी तुझ्या नावावर लिहितेय.

रंगनाथबाबांकडं मी सगळ्यात शेवटी गेले. जायला नको म्हणूनच शेवटी ठेवलं होतं. वाटेत स्वतःला सांगत होते की तू त्यांच्याकडं सगळ्यात आधी जाऊन आली असशील. मला झाडाखाली थांबवून एकटी जायचीस ते बहुतेक तिथंच जात असशील. माझ्या चुकीची माफी तू माझ्यावतीनं कधीच मागून ठेवली असशील, मला ओशाळं होऊ नये म्हणून सांगितलं नसशील. आठ वर्षं मी तसंच मानून चालले होते.

बाबा ओसरीवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाजावरून ओळखलं. मी तू गेल्याचं सांगितलं. त्यांनी हात जोडले. मग मी नेहमीसारखं विचारलं, "बाबा, तुमचा नंबर कुठला?"

"कसला नंबर?"

"कुमुदबाईंनी दिलेला. बियाण्याचा."

"बाई कवा आल्या?" ते म्हणाले. "त्या टायमाला म्या शाळंत आलतो, त्यानंतर नाय. येक नाय नि दुसरी नाय. मला वाटलं व्हतं, दोघींतली येक तरी यईल."

अगं, तू गेलीच नव्हतीस. सगळ्यांच्या दारात जाऊन आकडे वाटलेस, आणि ज्याच्या दारात जायला हवं होतं तिथंच तोंड चुकवलंस. माझ्यासारखंच. आठ वर्षं मला वाटायचं की तू मला माफ करत नाहीस म्हणून गप्प आहेस. तुझ्या नावानं झाडं ओरबाडली गेली आणि तुला त्या म्हाताऱ्यासमोर उभं राहायची लाज वाटली, एवढंच होतं. मला सांगितलं असतंस तर दोघी मिळून गेलो असतो. माझी लुना होती ना?

मी सांगितलं बाबांना. वही मी दिली होती, कुमुदबाईंचा काही दोष नव्हता, आणि त्या दिवशी फाटकाशी मी उभी असूनही बोलले नव्हते. ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "दोन वाळल्या. तिगी परत फुटल्या. जाऊन बघा."

तिन्ही पाहिल्या. वर शेंगा लोंबत होत्या, खाली पडलेल्या शेळ्यांनी साफ केल्या होत्या. परत येऊन मी विचारलं, तुझ्या पद्धतीनं, आधी घर मग झाड. "बाबा, दोन मुठी नेऊ का?"

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "यंदा नाय. फुडल्या साली इचारा."

मी बरं म्हटलं आणि निघाले. कुमुद, हे 'नाय' ऐकायला लागेल म्हणून तू आठ वर्षं त्या बांधाकडं फिरकली नाहीस, आणि मीही नाही. मी ऐकून आले. फार लागत नाही गं. यायला हवं होतंस.